सात वर्षांचे तामण फुलत नाही : इंदूर

प्रश्न : रामबागकर
नमस्कार. इंदूरमधील आमच्या घरासमोर सात वर्षांपूर्वी तामण लावले. रोपवाटिकेत ते ‘जारूल’ या नावाने मिळाले. महाराष्ट्राचे राज्यपुष्प आपल्याही दारात फुलावे, ही सासूबाईंची फार इच्छा आहे. झाड बारा-तेरा फुटांचे झाले आहे, थंडीत पाने तांबूस होऊन गळतात आणि पालवीही जोमाने फुटते. परंतु आजवर एकही फूल आलेले नाही. ऊन दिवसभर मिळते. पावसाळ्यात आम्ही युरिया घालतो. वरून विजेच्या तारा जात असल्यामुळे दर एप्रिलच्या अखेरीस शेंडे छाटले जातात. आमचे काय चुकत असावे?

उत्तर : बागायतदार
ताई, तुमच्या शेवटच्या दोन ओळींतच बरेचसे उत्तर आहे. तामणाचे तुरे त्याच वर्षी फुटलेल्या कोवळ्या फांद्यांच्या टोकांना येतात आणि बहराचा मुख्य काळ एप्रिल ते जून हा असतो, त्यामुळे एप्रिलच्या अखेरीस शेंडे छाटले की त्यांच्याबरोबर कळ्याही जातात. छाटणी जानेवारीच्या शेवटी, पालवी फुटण्यापूर्वी करून घ्यावी. तारांजवळच्या फांद्यांना स्वतः हात लावू नये. वीजपुरवठा बंद करूनच ते काम व्हायला हवे, म्हणून तशी विनंती थंडीतच करावी. युरिया पूर्ण थांबवा. नत्र वाढले की पाने माजतात आणि फुले मागे पडतात. खरे तर तीस-चाळीस फुटांपर्यंत वाढू शकणारे हे झाड तारांखाली लावायचे नव्हते, पण सात वर्षे वाढवलेले झाड काढा, असे मी म्हणणार नाही.

उत्तर : काळी माती
बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक आहेत का? तामण मूळचे नदी-ओढ्यांच्या काठचे, कोकणात आणि घाटात ओलाव्यावर वाढणारे झाड आहे. आपली माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. त्या भेगांमध्ये बारीक मुळे तुटतात, आणि तेही नेमके कळ्या धरण्याच्या दिवसांत.

रामबागकर
हो, अगदी बुंध्याला टेकून आहेत. दोन वर्षांपूर्वी गल्लीत फरसबंदी झाली, तेव्हा माती उघडी ठेवण्याची आमची विनंती कोणी ऐकली नाही. यंदाचे शेंडेही छाटून झाले आहेत. या वर्षी काही आशा आहे का?

उत्तर : काळी माती
परवानगी घेऊन निदान चार फुटांचा चौकोन मोकळा करून घ्या. माती वरवरच हलवा, खोल खणू नका, नाहीतर उरलेली मुळेही दुखावतील. त्यावर चांगले कुजलेले शेणखत आणि वाळलेल्या पानांचा जाड थर द्या, मात्र तो बुंध्याला चिकटू देऊ नका. पाऊस येईपर्यंत आठवड्यातून एकदा, माती खोलवर भिजेल असे सावकाश पाणी सोडा. पहिल्या पावसानंतर येणारे फुटवे कोणालाही छाटू देऊ नका. त्यांतल्या एखाद्याला उशिरा तुरा येऊ शकतो. भरघोस बहराची वाट मात्र पुढच्या एप्रिलपासून पाहावी.