मदत हवी आहे: कासवांच्या किनाऱ्यावर दोन रात्री तंबूत, शेकोटी कुठे आणि कशी पेटवावी?

गलबत

चार माणसं, दोन तंबू, दोन रात्री. किनारा वाळूचा, उतार सौम्य, मागे मर्यादवेलीने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या. हंगामात इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला चढतात. उघड्या वाळूवर चिखल्या पक्ष्यांची घरटीही असतात. मुक्कामाची परवानगी मिळाली आहे. शेकोटीबद्दल देखरेख करणाऱ्यांची अट एकच, थेट वाळूवर जाळ नको.

दुसरी रात्र अमावास्येची. तक्त्यात पहिल्या रात्री साडेनऊला ३.६ मीटर भरती आहे, दुसऱ्या रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी ३.९ मीटर.

सध्या ठरवलंय ते असं: वाळूवर कचऱ्याची जी रेषा दिसेल तिच्या वर पाच-सहा मीटरवर तंबू. तंबूसमोर, समुद्राच्या बाजूला चार मीटरवर शेकोटी. सरपण म्हणून वाहून आलेली लाकडं. झोपताना वाळू टाकून विझवायची. यात काय चुकतंय? आणि कोरड्या वाळूत तंबूच्या खुंट्या धरत नाहीत, त्यावर उपाय काय?

उधाणवारा

आधी पाणी. तुमच्या दोन भरत्यांमध्ये ३० सेंटिमीटरचा फरक आहे. ऐकायला थोडा वाटतो, पण उतार ३० मीटरला १ मीटर असेल तर पाणी ९ मीटर आत सरकतं. म्हणजे पहिल्या संध्याकाळच्या ताज्या कचरारेषेवरून मोजलेले पाच-सहा मीटर दुसऱ्या रात्री पाण्याखाली. शिवाय तक्त्यातला आकडा शांत पाण्याचा असतो; लाट फुटून वर चढते ते त्यात धरलेलं नसतं. किनाऱ्यावर बहुतेक वेळा दोन-तीन कचरारेषा असतात. खालची ओली, शेवाळाची, ती कालच्या भरतीची. सगळ्यात वरची, उन्हाने पांढरी पडलेली, काड्या आणि शिंपल्यांची, ती मागच्या उधाणाची. मोजायचं ते या वरच्या रेषेपासून. खाडीच्या मुखाजवळ किंवा पाण्याने कापलेल्या वाळूच्या कड्याखाली तंबू नको.

आता वारा, कारण शेकोटीची जागा त्यामुळेच चुकली आहे. दिवसभर जमीन तापलेली असते, म्हणून वारा समुद्राकडून येतो. सूर्यास्तानंतर जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि आकाश निरभ्र, हवा स्थिर असेल तर काही तासांत वारा उलटतो, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. तुमची शेकोटी तंबूच्या समुद्राकडच्या बाजूला आहे. संध्याकाळी, म्हणजे जाळ सगळ्यात मोठा असतो नेमक्या त्याच वेळी, ठिणग्या थेट तंबूवर येणार. तंबूच्या मागे नेली तर मध्यरात्रीनंतर तेच होईल, आणि वर मर्यादवेल वाळलेली असेल तर ती पेटायची भीती. शेकोटी तंबूच्या बाजूला ठेवा, किनाऱ्याला समांतर, ८ ते १० मीटरवर. तंबूची अरुंद बाजू समुद्राकडे. नायलॉनला ठिणगी लागली की भोक पडतं, त्याची कड वितळून कडक होते आणि पुढे तिथूनच फाटत जातं.

राखुंडी

वाळू टाकून विझवणं हा तुमच्या यादीतला सगळ्यात धोकादायक भाग आहे. वाळू उष्णता धरून ठेवते आणि निखाऱ्याला हवा कमी मिळाल्याने तो विझण्याऐवजी सावकाश धुमसत राहतो. सकाळी वरून काहीच दिसत नाही. धूर नाही, रंग नाही, आजूबाजूच्या वाळूसारखीच वाळू. अनवाणी मूल त्यावर पाय देतं आणि तळवा भाजतो. आदल्या रात्री शेकोटी करणारे तोवर निघून गेलेले असतात.

अट थेट वाळूवर जाळ नको अशी आहे, तर ४५ सेंटिमीटर व्यासाचं लोखंडी घमेलं घ्या. तीन विटांवर ठेवा, तळाशी ५ सेंटिमीटर कोरडी वाळू. विटांऐवजी पाण्याकाठचे दगड वापरू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. छोट्या जाळाला तासाला साधारण ३ किलो सुकं लाकूड लागतं, त्यामुळे दोन तासांना ६ किलो पुरे. जास्तीत जास्त मनगटाएवढं जाड. त्याहून जाड ओंडके वेळेत राख होत नाहीत आणि विझवायला जड जातात.

वाहून आलेलं लाकूड जाळू नका. त्यात मुरलेल्या मिठातल्या क्लोरीनमुळे धुरात डायॉक्सिनसारखी विषारी संयुगं तयार होतात. त्यावर भाजलेलं तर अजिबात खाऊ नये. बोटीच्या रंगवलेल्या फळ्या याहून वाईट, आणि त्यांचे खिळे राखेतून वाळूत उतरतात. मोठे ओंडके वाळूलाही धरून ठेवतात आणि खाली बरेच जीव असतात. जिथे आहेत तिथे असू द्या.

विझवायची पद्धत: झोपायच्या पाऊण तास आधी लाकूड घालणं बंद. उरलेले निखारे काठीने पसरा. १० लिटर पाणी हाताशी ठेवा, समुद्राचं चालेल. कडेने सावकाश ओता, एकदम ओतलं तर वाफ आणि गरम राख अंगावर येते. ढवळा, पुन्हा ओता. मग हाताची मागची बाजू आधी वरून आणि नंतर राखेला लावून पाहा. कोमट लागलं तरी अजून पाणी. विटांमधल्या वाळूवरही ओता. राख झाकणाच्या डब्यात भरून परत न्यायची.

खुंटी-दोरी

२० सेंटिमीटरची खुंटी कोरड्या वाळूत दोन बोटांनी उपटता येते, ती विसरा. कापडी पिशवीत वाळू भरा, तोंड बांधा, ताणदोरी पिशवीच्या मध्याला बांधा आणि ४० सेंटिमीटर खोल, दोरीच्या दिशेला आडवी पुरा. वरची वाळू ओली करून पायाने दाबा. ५ किलोची पिशवी एवढी खोल गेली की चांगल्या वाऱ्यातही हलत नाही.

टिटवी

खुंटी-दोरी, तुमची पद्धत एरवी उत्तम, पण या किनाऱ्यावर नको. ऑलिव्ह रिडलेचं घरटं साधारण ४५ सेंटिमीटर खोल असतं आणि वरची अंडी त्याहून बरीच वर. ४० सेंटिमीटरचे आठ खड्डे म्हणजे आठ वेळा धोका. काठी खुपसून घरटं आहे का ते बघायचं, असंही कोणी सुचवतं. एका काठीने कितीतरी अंडी फुटतात. पिशव्या पुरू नका, १२ ते १५ किलो भरून वाळूवरच ठेवा आणि दोरी शक्य तितकी आडवी, लांब ताणा. जागा शक्यतो टेकड्यांच्या मागे, गाड्या थांबतात तिथल्या कठीण जमिनीवर घ्या. मर्यादवेलीवर तंबू नको.

उजेड असतानाच जागा तपासा. ७०-८० सेंटिमीटर रुंद, डावी-उजवी आलटून पालटून उमटलेली वल्ह्यांसारखी खूण दिसली तर ती कासवाची. वर गेलेली आणि परत आलेली रेघ शोधा आणि त्या पट्ट्यापासून दूर राहा. पक्षी पंख मोडल्यासारखा जमिनीवर लोळत तुम्हाला एका बाजूला नेत असेल तर अंडी जवळच आहेत. आल्या पावली मागे फिरा, पाय ठेवायची जागा बघत. चिखल्याची अंडी वाळूच्याच रंगाची, नखभर खोलगटात उघडी पडलेली असतात. उभ्याने ती दिसतच नाहीत.

शेकोटीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पिल्लं रात्री बाहेर येतात आणि क्षितिजाकडच्या सगळ्यात उजळ बाजूला चालू लागतात. एरवी ती बाजू समुद्राची असते. अमावास्येच्या काळोखात घमेल्यातला जाळही त्यांना समुद्राहून उजळ दिसतो आणि ती त्यातच येतात. चढणारी मादी उजेड बघून अंडी न घालताच परत जाते. तेव्हा वाळूवर समुद्राला दिसेल असा जाळ या हंगामात नकोच. टेकडीच्या मागे, पाण्यावरून दिसत नाही अशा ठिकाणी घमेलं ठेवा आणि नऊच्या आत विझवा.

गलबत

म्हणजे तंबू टेकडीमागे कठीण जमिनीवर, शेकोटी बाजूला १० मीटरवर घमेल्यात, आणि नऊला बंद. मग रात्री दिव्याचं काय? पांढऱ्या बॅटरीवर लाल कागद चालेल का? आणि पिल्लं दिसलीच तर?

टिटवी

लाल कागदातून बराच पांढरा प्रकाश गळतो. लाल एलईडीचा डोक्यावरचा दिवा घ्या, मंद ठेवा, खाली रोखा. तंबूत पांढरा दिवा लावला की सगळा तंबूच कंदील होतो, त्यामुळे आतही लालच. फ्लॅश बंद. मादी दिसली तर जागच्या जागी बसा, दिवा विझवा, १५ मीटर अंतर ठेवा, कधीही तिच्या समोर जाऊ नका. तिला तासभर लागतो. पिल्लं दिसली तर सगळे दिवे विझवा आणि हलू नका, पायाखाली येतात. उचलून पाण्यात सोडू नका. उजेड विझल्यावरही ती जमिनीकडेच जात राहिली तर देखरेख करणाऱ्यांना फोन करा. त्यांचा नंबर आधीच घेऊन ठेवा. सकाळी निघताना खड्डे बुजवा, वाळूचे किल्ले मोडा. टाचेचा खोल ठसासुद्धा पिल्लाला अडवतो.

राखुंडी

स्वयंपाक जाळावर न करता गॅसवर करा, फळीवर ठेवून, नाहीतर बर्नरमध्ये वाळू जाते. वाऱ्याचा आडोसा सिलिंडरच्या भोवती पूर्ण गुंडाळू नका, सिलिंडर तापतो. मासळीचे काटे वाळूत पुरायचे नाहीत. वासाने कुत्री आणि कोल्हे येतात आणि उकरता उकरता घरट्यापर्यंत पोचतात. खाणं कडक झाकणाच्या डब्यात, डबा गाडीत.

उधाणवारा

एक राहिलं. त्या भागात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत का ते देखरेख करणाऱ्यांना विचारा. असतील तर तंबू पाण्याच्या कडेपासून किमान ५० मीटर आत आणि भरतीच्या पातळीपेक्षा २ मीटर उंच हवा, आणि शेकोटी विझवायला लागणारं पाणी काठावरून भरायचं नाही. सोबत आणलेलं वापरायचं, ते उजेडातच भरून ठेवायचं.