वॉर्ड ९० टक्के भरलेला, तरी खाटा कमी पडतात: धोरण-टिपण कसं मांडावं?

मृद्गंध (प्रश्न)

सार्वजनिक प्रशासन आणि आरोग्य व्यवस्थापन या जोडविषयात १,५०० शब्दांचं धोरण-टिपण लिहायचं आहे. दिलेली माहिती: मेडिसिनचा वॉर्ड, ६० खाटा, ३० दिवसांचा महिना, ४२० रुग्ण दाखल आणि तेवढेच डिस्चार्ज, मध्यरात्रीच्या गणनेनुसार एकूण १,६२० रुग्णदिवस. रुग्णालयाने ४ खाटा वाढवून मागितल्या आहेत. टिपण आरोग्य खात्याच्या सचिवांना उद्देशून लिहायचं आहे.

मी ऑक्युपन्सी, म्हणजे खाटा सरासरी किती टक्के भरलेल्या असतात ते प्रमाण, काढली, ९० टक्के आली. म्हणजे रोज सरासरी ६ खाटा रिकाम्या, म्हणून मागणी नाकारावी असं लिहिलं. मसुद्यावर शेरा आला: ‘६ खाटा रिकाम्या असतील तर इमर्जन्सीत रुग्ण स्ट्रेचरवर का थांबतात? आणि तुमच्या शिफारशीतला कोणता निर्णय कोणाच्या अखत्यारीत येतो?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांतून कसं काढायचं? दुसरा प्रश्न तर मला नीट कळलेलाच नाही.

आकडेमोड (उत्तर)

ऑक्युपन्सी बरोबर आहे. १,६२० भागिले १,८०० खाटादिवस (६० खाटा गुणिले ३० दिवस), म्हणजे ९० टक्के. पण एका आकड्यावर थांबू नका. त्याच माहितीतून आणखी तीन आकडे निघतात आणि ते एकमेकांची उलटतपासणी करतात.

सरासरी मुक्काम: १,६२० भागिले ४२०, म्हणजे ३.८६ दिवस. खाटेची उलाढाल: ४२० भागिले ६०, म्हणजे एका खाटेवर महिन्याला ७ रुग्ण. दोन रुग्णांमधला रिकामा काळ: उरलेले १८० खाटादिवस भागिले ४२०, म्हणजे ०.४३ दिवस, साधारण १० तास १७ मिनिटं. तुमच्या त्या ‘६ रिकाम्या खाटा’ म्हणजे हाच काळ. रुग्ण गेला, खाट धुतली, चादर बदलली, नवा रुग्ण वर आणला, या सगळ्यात तो जातो. कुठेतरी ६ खाटा सवडीने पडून आहेत असा त्याचा अर्थ होत नाही.

आता लिटलचा नियम लावा (त्याची सिद्धता १९६१ सालची). व्यवस्थेत सरासरी असलेले रुग्ण = रोजचे नवे रुग्ण गुणिले सरासरी मुक्काम. इथे १४ गुणिले ३.८६ = ५४. नियम सोपा आहे, पण त्याने पर्याय एकाच मापात तोलता येतात:

– ४ खाटा वाढवल्या: ५४ भागिले ६४, ऑक्युपन्सी ८४ टक्के.
– सरासरी मुक्काम अर्ध्या दिवसाने घटवला: १४ गुणिले ०.५ = ७ खाटा मोकळ्या, ऑक्युपन्सी ७८ टक्के.
– प्रत्येक डिस्चार्ज २ तास आधी झाला: १४ गुणिले २ = २८ खाटातास, म्हणजे जेमतेम १.२ खाटा, ऑक्युपन्सी ८८ टक्के.

‘सकाळी लवकर डिस्चार्ज द्या’ ही शिफारस बहुतेक टिपणांत असते. सरासरीवर तिचा परिणाम किती कमी आहे ते पाहा. तिचा खरा उपयोग दुपारच्या गर्दीला होतो. तसं स्पष्ट लिहा, नाहीतर वाचणारा हाच हिशेब करून तुम्हाला अडवेल.

मग सरासरी ५४ असताना ६० का पुरत नाहीत? कारण रुग्ण सरासरीने येत नाहीत. रुग्ण एकमेकांशी संबंध नसताना येतात असं धरलं तर एखाद्या दिवसाची मागणी पॉइसाँ वितरणाने (स्वतंत्रपणे घडणाऱ्या घटनांची संख्या कशी कमी-जास्त होते ते सांगणारं गणिती सूत्र) बदलते. त्याचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून होणाऱ्या चढउताराचं माप, ५४ चं वर्गमूळ, म्हणजे ७.३. या हिशेबाने मागणी ६०च्या वर जाण्याची शक्यता सुमारे १९ टक्के निघते. साधारण पाचातल्या एका दिवशी वॉर्ड अपुरा पडतो आणि बाकीच्या चार दिवशी खाटा रिकाम्या दिसतात. स्ट्रेचरचं उत्तर इथे आहे.

एक खाच मात्र सोडू नका. तुमच्याकडचा ५४ हा आकडा दाखल झालेल्यांचा आहे. जागा नसली की रुग्ण थांबत असतील आणि शेवटी याच वॉर्डात येत असतील, तर ५४ हीच मागणी. पण त्यांना दुसरीकडे पाठवत असतील तर मूळ मागणी त्याहून जास्त आहे. एर्लांगचं सूत्र (१९१७, टेलिफोन एक्सचेंजसाठी मांडलेलं; जागा नसल्याने किती मागणी परत जाते ते सांगणारं) उलट चालवलं तर ६० खाटांत सरासरी ५४ भरलेल्या दिसण्यासाठी मूळ मागणी ५९च्या आसपास असावी लागते. दोन्हींत खाटांची गरज फार वेगळी निघते. दिलेल्या माहितीत याचा उल्लेख नसेल तर दोन्ही गृहीतं मांडा.

नोंदवही (उत्तर)

वरच्या उत्तरात भर. आकडे कसे जमले आहेत हेही टिपणात यायला हवं.

मध्यरात्रीची गणना दिवसाचं शिखर लपवते. नवे रुग्ण दुपारपासून येऊ लागतात, डिस्चार्ज संध्याकाळपर्यंत रेंगाळतात, त्या मधल्या काही तासांत एका खाटेवर दोघांचा हक्क असतो. रात्री बारा वाजता मोजलं तर यातलं काहीच दिसत नाही. सकाळी येऊन संध्याकाळी गेलेला रुग्ण तर या गणनेत सापडतच नाही. काही ठिकाणी त्याचा एक दिवस धरतात, काही ठिकाणी शून्य. कोणती पद्धत धरली ते एका ओळीत लिहा.

दुसरं, ३.८६ दिवसांची सरासरी कोणाची? समजा ४२० पैकी २१ रुग्ण, म्हणजे फक्त ५ टक्के, प्रत्येकी २० दिवस राहिले. त्यांचेच ४२० रुग्णदिवस झाले, एकूण वापराच्या २६ टक्के. उरलेल्या ३९९ जणांचा सरासरी मुक्काम ३ दिवस. अशा वॉर्डात ‘सगळ्यांचा मुक्काम अर्ध्या दिवसाने घटवा’ ही शिफारस चुकीच्या लोकांवर दाब आणते. ३ दिवसांत जाणाऱ्याला घाईने घरी पाठवलं तर तो पुन्हा दाखल होण्याचा धोका वाढतो. सरासरीसोबत मध्यक (मुक्काम चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला येणारा) मागा, आणि १४ दिवसांहून जास्त राहिलेल्यांची यादी कारणांसह मागा.

मृद्गंध

हे डोळे उघडणारं आहे. म्हणजे ८५ टक्क्यांच्या वर वॉर्ड जाऊ नये असं वाचलं होतं, ते निकष म्हणून वापरू का? ५४ भागिले ०.८५ केलं तर ६४ खाटा येतात, रुग्णालयाच्या मागणीशी तंतोतंत जुळतात.

आकडेमोड

जुळतात म्हणूनच सावध राहा. ८५चा आकडा मुख्यतः १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या, तातडीने दाखल होणाऱ्या रुग्णांच्या संगणकीय प्रतिमानातून रूढ झाला. तिथे ८५ टक्क्यांच्या पुढे धोका जाणवू लागला आणि ९०च्या पुढे खाटांची टंचाई नेहमीची झाली. तो सगळ्या आकाराच्या विभागांसाठीचा नियम नव्हता.

आकारानुसार काय होतं पाहा. १० खाटांचा अतिदक्षता विभाग सरासरी ८.५ मागणीवर चालला तर मागणी १०च्या वर जाण्याची शक्यता सुमारे २४ टक्के. १०० खाटा आणि सरासरी ८५ असेल तर तीच शक्यता ५ टक्के. टक्का एकच, धोका जवळपास पाचपट. म्हणून निकष ऑक्युपन्सीचा ठेवू नका, ‘जागा न मिळण्याची मान्य शक्यता’ हा ठेवा. किती शक्यता मान्य करायची हा धोरणाचा निर्णय आहे, गणिताचा नव्हे. सचिवांकडे न्यायचा प्रश्न नेमका हाच.

अधिकारकक्षा (उत्तर)

शेऱ्यातल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. तुमच्या विषयातला प्रशासनाचा भाग तिथे आहे, आणि बहुतेक मसुदे तिथेच लंगडे पडतात.

प्रत्येक शिफारशीपुढे चार गोष्टी लिहा: निर्णय कोण घेतो, पैसा अर्थसंकल्पाच्या कोणत्या शीर्षाखाली जातो, अंमलबजावणी कोणाच्या हातून होते, आणि नकार देण्याची ताकद कोणाकडे आहे. डिस्चार्जची वेळ वॉर्डातले डॉक्टर ठरवतात, सचिव नव्हे. दीर्घकाळ राहणारे रुग्ण अनेकदा औषधोपचारासाठी थांबलेले नसतात. पुनर्वसनाची जागा, घरी सांभाळणारं माणूस किंवा एखादी मंजुरी मिळायची असते, आणि ते बहुधा दुसऱ्याच खात्याकडे असतं. तिथे सचिवांचा उपयोग खरा, कारण दोन खात्यांना एका टेबलावर आणण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहे.

खाटा मागताना खाट म्हणजे लोखंडी पलंग असं समजून खर्च मांडू नका. ४ खाटांना चोवीस तास १ परिचारिका धरली तरी आठवड्याचे १६८ तास भरायचे. ४० तासांच्या आठवड्याने ४.२ माणसं लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण यांत २० टक्के वेळ जातो असं धरलं तर ५.२५, म्हणजे ६ पदं. पलंगाचा खर्च भांडवली आणि एकदाच, या ६ पदांचा दरवर्षी. दोन्ही एकाच रकमेत मिसळले तर वित्त विभागाची पहिली हरकत तीच असेल.

लक्ष्य ठेवताना त्याची पळवाटही लिहा. इंग्लंडमध्ये इमर्जन्सीतल्या रुग्णाला ४ तासांत दाखल करण्याचं, दुसरीकडे हलवण्याचं किंवा घरी पाठवण्याचं लक्ष्य २००४ पासून ९८ टक्के होतं, २०१० मध्ये ते ९५ वर आणलं. प्रतीक्षा खरंच घटली. पण नोंदींमध्ये ४ तास संपायच्या आधीच्या काही मिनिटांत रुग्ण हलवल्याची उसळीही दिसू लागली. तुम्ही फक्त ‘सरासरी मुक्काम’ हे लक्ष्य ठेवलंत तर रुग्णांना घाईने घरी पाठवून ते गाठता येईल. त्याच्या जोडीला ३० दिवसांतल्या पुनर्दाखल्यांचं प्रमाण ठेवा.

मृद्गंध

मग शिफारस ‘खाटा द्या’ की ‘देऊ नका’? दोन्ही लिहिलं तर कच खाल्ल्यासारखं दिसेल.

अधिकारकक्षा

क्रम लावा, मग तसं दिसणार नाही. पहिल्याच परिच्छेदात लिहा: दीर्घ मुक्कामी रुग्णांच्या प्रलंबित कारणांवर तीन महिने काम करावं, त्याच काळात जागा नसल्याने थांबलेल्या आणि परत पाठवलेल्या रुग्णांची रोज नोंद ठेवावी, आणि त्यानंतरही टंचाईचे दिवस ठरवलेल्या मर्यादेच्या वर राहिले तर ४ खाटा ६ पदांसह मंजूर कराव्यात. मर्यादेचा आकडा टिपणातच द्या. ‘परिस्थिती पाहून’ असं लिहिलं तर तीन महिन्यांनी वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

गणित परिशिष्टात टाका. मुख्य मजकुरात पर्यायांचा एक तक्ता पुरे, त्यात ‘काहीच बदलू नये’ हाही पर्याय हवा, त्याच्या किमतीसह: पाचातला एक दिवस, स्ट्रेचरवर.