२०२३चे धाडसी अल्बम : तुमच्या कानांत कोणते टिकले?

मंद्रसप्तक :
उस्ताद झाकीर हुसेन गेल्यानंतर 'ॲज वुई स्पीक' लावायचा धीर बरेच दिवस झाला नव्हता. परवा तो पुन्हा ऐकला आणि श्रोता म्हणून २०२३ हे वर्ष किती भरगच्च गेले होते, ते एकदम आठवले. बेला फ्लेक यांचा बँजो, एडगर मायर यांचा डबल बास, राकेश चौरसिया यांची बासरी आणि तबला ही मांडणी वाचताना खिचडी वाटते. प्रत्यक्षात बँजोचा स्वर टोकदार आणि क्षणात विरणारा असल्यामुळे तबल्याला मधे भरपूर मोकळी जागा मिळते आणि झाकीरभाई ती जपून वापरतात.

तरीही त्या वर्षातला खरा धाडसी अल्बम माझ्या मते 'लव्ह इन एक्झाइल' हाच. अरूज आफताब उर्दूत गातात, विजय अय्यर पियानो आणि इलेक्ट्रॉनिक्स सांभाळतात, शहजाद इस्माइली बास आणि मूग सिंथेसायझर वाजवतात. सात रचनांचा मिळून साधारण सव्वा तास होतो आणि त्यात तालवाद्य नाही. विलंबित ख्यालावर वाढलेला आपला कान समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहत राहतो. इथे समच नसल्यामुळे 'आली' म्हणून मान हलवायची सोय उरत नाही. एकच ओळ बऱ्याच वेळाने परत येते, तेव्हा तिच्याखालचा पियानो केव्हाच दुसरीकडे निघून गेलेला असतो.

आपापले अल्बम लिहा. अट एवढीच, की पहिल्यांदा ऐकताना कान अडखळला पाहिजे.

सायंकाळची_तोडी :
'लव्ह इन एक्झाइल'ला माझे अनुमोदन. आमच्याकडे पहिली रचना संपत आली असताना आतून प्रश्न आला, की गाणे सुरू कधी होणार आहे.

वेळूवन :
मी आंद्रे ३००० यांचा 'न्यू ब्लू सन' सुचवतो. आउटकास्ट या अमेरिकन हिप-हॉप जोडीतला हा रॅपर. त्या जोडीचा शेवटचा अल्बम २००६चा. सतरा वर्षांनी स्वतःचा अल्बम आला, तर त्यात रॅपचा एक शब्द नाही, नुसती तऱ्हेतऱ्हेची सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायची, वाद्ये. पहिल्या रचनेच्या लांबलचक नावातच त्यांनी सांगून टाकले आहे, की रॅप अल्बम करायची मनापासून इच्छा होती, पण या वेळी वाऱ्याने इकडे आणले. बारा मिनिटांहून मोठी ही रचना बिलबोर्डच्या 'हॉट १००' यादीत आलेली तोवरची सर्वांत लांब रचना ठरली. बासरी शिकणारा म्हणून सांगतो, फुंक कच्ची आहे आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, तर नाहीच. पण येत नसलेली गोष्ट येत असल्याचा आव त्यांनी कुठेही आणलेला नाही, आणि एवढ्या प्रसिद्ध माणसाला हे जमणे मला तयारीच्या तानांपेक्षा अवघड वाटते.

सायंकाळची_तोडी :
आमच्या गुरुजींनी अशी फुंक ऐकली असती, तर वाऱ्याने आणलेल्याला वाऱ्यानेच परत पाठवले असते.

पेटीमास्तर :
शिकागोच्या 'नॅचरल इन्फर्मेशन सोसायटी'चा 'सिन्स टाइम इज ग्रॅव्हिटी' कुणी ऐकला आहे का? जोशुआ अब्राम्स गिंब्री हे उत्तर आफ्रिकेतले तंतुवाद्य वाजवतात आणि लिसा अल्वाराडो चक्क आपली पेटी वाजवतात. पेटीवर गत नाही, तान नाही, गायकामागे धावणेही नाही. भाता शांतपणे चालतो आणि त्यावर एरी ब्राउन यांचा टेनर सॅक्सोफोन सावकाश उलगडत जातो. ज्या वाद्याला आकाशवाणीने १९४०पासून तीन दशके दारात उभे केले नाही, त्याचा सांस तिकडे इतक्या आदराने ऐकला जातो, याचे मला फार बरे वाटले. (मींड निघत नाही या आक्षेपावर इथे वाद नको, तो दुसऱ्या धाग्यावर पुरेसा झाला आहे.)

जुई_दुपारची :
जपानी संगीतकार रियुइची साकामोटो यांचा '१२'. जानेवारीत, त्यांच्या एकाहत्तराव्या वाढदिवशी आला आणि मार्चअखेर ते गेले. रचनांना नावे नाहीत, ज्या दिवशी केल्या त्या तारखा आहेत. कर्करोगाशी झगडत असताना वाजवलेल्या या पियानोत त्यांचा श्वासही ऐकू येतो, तो त्यांनी पुसलेला नाही. बाबांच्या आजारपणात मी हा रात्री ऐकत असे. त्याहून अधिक आत्ता लिहवत नाही.

मंद्रसप्तक :
जुईताई, सावकाश लिहा किंवा लिहूही नका. श्वासाबद्दल तुम्ही म्हणता ते अगदी खरे आहे.

लिफीकाठचा :
डब्लिनमध्ये राहत असल्यामुळे इथल्या 'लँकम' या लोकसंगीत चमूच्या 'फॉल्स लँकम'चे नाव मी घ्यायलाच हवे. 'गो डिग माय ग्रेव्ह' हे जुने लोकगीत रेडी पीट जवळजवळ कोरड्या आवाजात सुरू करतात, आणि पुढे खालचे धरलेले स्वर इतके जड होत जातात, की शेवटी गीत संपून नुसता आक्रोश उरतो. इथल्या जुन्या शोकगायनाची जाण त्यामागे आहे. स्वयंपाक करताना लावू नये.

सायंकाळची_तोडी :
सर्वांनी इतके लिहिले, पण 'शक्ती' या भारतीय संगीत आणि जॅझ एकत्र आणणाऱ्या चमूच्या 'धिस मोमेंट'चे नाव नाही? पंचेचाळीसहून अधिक वर्षांनी आलेला स्टुडिओ अल्बम, ग्रॅमी मिळालेला, आणि त्यात आपले शंकर महादेवन!

मंद्रसप्तक :
अल्बम सुरेख आहे, मात्र धाडसी नाही. जॉन मॅकलॉफलिन यांनी १९७६मध्ये ॲकूस्टिक गिटार घेऊन एल. शंकर, झाकीर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबर जे केले, ते धाडस होते. २०२३मध्ये तो मार्ग चांगला मळलेला होता.

पेटीमास्तर :
असहमत. विक्कूजींच्या घटाच्या जागी या अल्बमात त्यांचे चिरंजीव सेल्वगणेश यांची खंजिरा (हातात धरून वाजवायचे छोटे चर्मवाद्य) आहे, आणि बापलेकांनी एकाच चमूत वेगळी वाट शोधणे हे धाडसच झाले. ते बोल पुन्हा ऐका.

जवारी :
सर्वांत कठीण अल्बम राहिला : काली मलोन यांचा 'डज स्प्रिंग हाइड इट्स जॉय'. २०२०च्या टाळेबंदीत बर्लिनच्या फुंकहाउसमध्ये ध्वनिमुद्रित झाला. मलोन यांचे साइन वेव्ह ऑसिलेटर (एकच शुद्ध स्वर काढणारी विद्युत उपकरणे), लूसी रेल्टन यांचा चेलो आणि स्टीफन ओमॅली यांची विद्युत गिटार. एकाच रचनेची तीन रूपे, प्रत्येकी साधारण एक तासाचे. पेटीतली सप्तकाची समान वाटणी सोडून नैसर्गिक स्वरांतरे घेतल्यामुळे दोन स्वर अगदी जवळ आले, की त्यांच्यात स्पंद, म्हणजे आवाजाचे लयबद्ध चढउतार, सुरू होतात, आणि दोन्ही स्वर एकमेकांत मिसळेपर्यंत हे स्पंद मंदावत जातात. तंबोरा लावताना खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार, म्हणजे त्याची वेगळी तार नसताना आपोआप उमटणारा 'ग', निघू लागतो, तेव्हा जो कान लागतो, तोच इथे तासभर लावून ठेवावा लागतो.

लिफीकाठचा :
तीन तास सलग? तिन्ही रूपे ऐकलीच पाहिजेत का?

जवारी :
एक पुरे. मात्र हेडफोनवर नको, स्पीकरवर ऐका आणि मधून खोलीत फिरा. जागा बदलली, की स्वरांचा तोल बदललेला ऐकू येतो.