कापशी चप्पल मॅट काळी करायचीय, रंग टिकत नाही

कट्टा_राजारामपुरी:
बॅगी जीन्स आणि ओव्हरसाइज शर्टखाली घालायला कापशी (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार) मॅट काळी करायची आहे. दुकानात मिळतात त्या काळ्या पॉलिश मारल्यागत चकाकतात, तसल्या नकोत. जुनाट, जरा राखाडीकडे झुकणारा काळा पाहिजे आणि वेणीची एकच पट्टी फ्लोरोसंट पिवळी. चित्रकलेच्या अ‍ॅक्रिलिकचे दोन जाड हात मारले. आठवड्यात पट्ट्याला भेगा पडल्या, अंगठ्याजवळ पापुद्रे निघाले. प्रायमर मारला नाही म्हणून झालं का? चामडं खरं आहे, जोडी वाया घालवायची नाही.

हिरडा_बाभूळ:
प्रायमरचा विषयच नाही. चप्पल तेल पिलेली असते, त्यावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही. वर जाड थर, आणि पट्टा पावलागणिक वाकतो. मग भेगा पडणारच.

तुला काळा रंग लावायचाच नाही, चामड्यातूनच काढायचा आहे. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं असतं, म्हणजे त्यात टॅनिन (साल-हिरड्यातलं तुरट द्रव्य) भरपूर. टॅनिनला लोखंड भेटलं की काळं होतं. जुनी शाई अशीच बनायची. हा काळा वर बसत नाही, त्यामुळे सोलत नाही.

250 मिली पांढरं व्हिनेगर आणि 20 ग्रॅम लोखंडाचा कीस. उद्यमनगरात कुठल्याही लेथखाली सापडेल. कीस आधी भांड्याच्या साबणाने दोनदा धू, कटिंग ऑइल राहिलं तर डाग पडतात. भांडी घासायची स्टीलची घासणी वापरू नको, ती गंजत नाही म्हणजे विरघळतही नाही. काचेची बाटली घे, झाकण सैल ठेव (आत हायड्रोजन तयार होतो, घट्ट लावलंस तर बाटली फुटेल) आणि ती गॅसच्या शेगडीपासून लांब. आठवडाभर ठेव. शेवटी तळाला थोडा कीस शिल्लक दिसला पाहिजे, म्हणजे आम्ल बहुतेक संपलं. दुहेरी सुती फडक्यातून गाळ. नारिंगी गाळ आला तर तो गंज आहे, तो चपलेवर जाऊ देऊ नको.

जुना रंग अ‍ॅसिटोनने काढ, कापसाचा बोळा, खिडकी उघडी. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात बरेचदा तेल असतं. मग ब्रशने हे गाळलेलं लोखंडाचं पाणी लाव, चप्पल त्यात बुडवू नको. तळाचे थर वादीने शिवलेले असतात, भिजून फुगले की आकार गेला. पहिल्या हाताला राखाडी दिसेल, काही मिनिटांत गडद होत जाईल. वीस मिनिटांनी दुसरा हात. तुला राखाडी छटा पाहिजे तर तिथेच थांब.

त्यानंतरचं काम बरेच जण गाळतात: अर्ध्या लिटर पाण्यात एक चमचा खायचा सोडा, त्यात फडकं पिळून सगळीकडे पूस, मग साध्या ओल्या फडक्याने. उरलेलं आम्ल आत राहिलं तर काही महिन्यांनी चामडं कडक होऊन तडकतं. रात्रभर सावलीत वाळव. उन्हात टाकलीस तर पट्टे आखडतील.

वादी_आणि_गोंडा:
वरचं बरोबर आहे, दोन गोष्टी जोडतो. जरीचे गोंडे आधी काढ किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळ. आणि पिवळी पट्टी तेल लावायच्या आधी. फ्लोरोसंट रंग पारदर्शक असतो, काळ्यावर थेट लावलास तर शेवाळागत दिसेल. पट्टीवर चामड्याच्या लवचीक अ‍ॅक्रिलिकचे दोन पातळ पांढरे हात, वर चार पिवळे, मध्ये पंधरा-वीस मिनिटं. प्रत्येक हात वाळताना वेणी बोटाने हलकी वाकवत राहा. एक दिवस थांबून बाकी चपलेला एरंडेलाचे चार-पाच थेंब फडक्याने, पट्टी सोडून. जास्त तेल लावलंस की मॅट गेलं. आणि फ्लोरोसंट उन्हात फिका पडतो, हे धरूनच चाल.

श्रावण संपल्याशिवाय हे काम काढू नको. आपल्याकडच्या दमट हवेत चामडं आतून वाळत नाही, बुरशी धरते.

जुना_बुधवार:
2019 ला कोल्हापुरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, 2025 च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर तसलीच चप्पल चालवली आणि नंतर प्रेरणा कुठली ते कबूल केलं. आणि आपण तिला ड्रेनेजच्या झाकणासारखी काळी करायची? मूळ तांबूस रंग काय वाईट आहे? उन्हातान्हात वापरून तो आपोआप गडद होतो.

हिरडा_बाभूळ:
चप्पल पायात घालायची हाय, कपाटात नाही. आणि यात हिरडा आणि लोखंडच आहे, बाहेरचा रंग कुठाय? ज्याला तांबूस आवडते त्याने तांबूस घालावी.

कट्टा_राजारामपुरी:
कीस घातलेलं पाणी तयार झालं. टाचेखाली थेंब टाकून बघितला, फिकट राखाडी, तेही ठिपक्या-ठिपक्यांनी. चामडं खोटं निघालं का?

हिरडा_बाभूळ:
घाई करू नको. साध्या पाण्याचा थेंब टाक. मोत्यासारखा उभा राहिला तर तेल किंवा फिनिश अजून आहे, अ‍ॅसिटोन परत फिरव. थेंब मुरला आणि तरीही फिकटच, तर टॅनिन कमी आहे. दोन चमचे हिरडापूड एक कप पाण्यात उकळून, गाळून, गार करून लाव, वाळू दे, मग लोखंडाचं पाणी. हे करूनही रंग हललाच नाही तर क्रोमच्या रसायनाने कमावलेलं चामडं किंवा रेक्झिन असेल, तिथे हा उपाय चालत नाही. मग स्पिरिटचा डाय घे.

आणि डावी-उजवी एकाच बैठकीत, एकाच बाटलीतून. पाणी दोन दिवस उघडं राहिलं की छटा बदलते, दोन पायांत दोन काळे दिसतील. पहिले काही दिवस काळं सुटेल, अंगठ्याच्या पांढऱ्या मोज्यांवर घालायची असेल तर आधी कोरड्या फडक्याने घासून घे.