खनिजं देशाची, मग भरपाई परदेशी लवाद कशी ठरवतो?

जिज्ञासू: संयुक्त राष्ट्रांच्या १९६२च्या ठराव १८०३ ने नैसर्गिक संपत्तीवर त्या-त्या देशाचं कायमचं सार्वभौमत्व मान्य केलं. तरी विकसनशील देशाने परकीय कंपनीचा खाणीचा परवाना रद्द केला की लवादाच्या, म्हणजे वाद सोडवणाऱ्या पंचांच्या, निकालाने कोट्यवधी डॉलर अंगावर येतात. संयुक्त राष्ट्रांच्याच १९७४च्या, देशांचे आर्थिक हक्क आणि कर्तव्यं सांगणाऱ्या सनदेत तर भरपाई देशाच्या स्वतःच्या कायद्याने ठरेल असं होतं. त्याचं काय झालं?

कलमवाचक: ठराव शेवटपर्यंत वाचा. परिच्छेद ४ राष्ट्रीयीकरणाचा हक्क देतो, पण 'योग्य' भरपाई देशाच्या कायद्यानुसार आणि आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार, दोन्हींनुसार द्यायची असते. परिच्छेद ८ सांगतो की परकीय गुंतवणुकीचे करार सद्भावनेने पाळा. १९७४ची सनद १२० विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाली खरी. पण विरोधात अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी होते. १९७७ मध्ये टेक्साको या अमेरिकी तेल कंपनीच्या लिबियाविरुद्धच्या खटल्यात लवाद द्युपुई यांनी मतं किती पडली यापेक्षा ती कोणाची होती हे पाहिलं. ठराव १८०३ला श्रीमंत आणि विकसनशील अशा दोन्ही गटांची संमती होती, म्हणून तो रूढ कायदा, म्हणजे सगळ्या देशांना बांधणारी मान्य प्रथा, ठरला. सनद ठरली नाही. मला हा तर्क गरीब देशांवर अन्याय करणारा वाटतो, पण पुढची वाट त्यानेच आखली.

करारतज्ज्ञ: त्यात भर घालतो. खरी अडचण ठरावात नाही, द्विपक्षीय गुंतवणूक करारात, म्हणजे एकमेकांच्या गुंतवणूकदारांना संरक्षण देणाऱ्या दोन देशांतल्या करारात आहे. देशाने तो संपवला तरी त्यातलं संरक्षण बहुधा १० ते २० वर्षं चालू राहतं. बोलिव्हियाने २००७ मध्ये वॉशिंग्टनच्या गुंतवणूक लवाद केंद्राचा करार सोडला. हे बाहेर पडणं सहा महिन्यांनी लागू झालं, पण द्विपक्षीय करार त्याने आपोआप संपत नाहीत.

दुसरी गोष्ट रकमेची. बाजारमूल्य काढताना लवाद भविष्यातल्या नफ्याचं आजचं मूल्य धरतो. पाकिस्तानातल्या रेको डिक या तांब्याच्या साठ्यात परकीय कंपनीने एक टनही तांबं काढलं नव्हतं, तरी खाणपट्टा नाकारल्याबद्दल २०१९ मध्ये पाकिस्तानवर व्याजासह सुमारे ५८० कोटी डॉलर बसले.

म्हणून रद्द करण्याआधी क्रम पाळा: लेखापरीक्षण, उल्लंघन नेमकं कोणतं ते सांगणारी लेखी नोटीस, सुधारायला मुदत, सुनावणी, मग उल्लंघनाच्या प्रमाणात दंड. ऑक्सिडेंटल या अमेरिकी तेल कंपनीच्या इक्वेडोरविरुद्धच्या खटल्यात कंपनीने परवानगीशिवाय ४० टक्के हिस्सा दुसऱ्या कंपनीला दिल्याचं लवादाने मान्य केलं. तरी करारच रद्द करणं प्रमाणाबाहेर ठरलं आणि २०१२ मध्ये १७७ कोटी डॉलर लागले. २०१५ मध्ये रक्कम घटली, पण पुसली गेली नाही.

जिज्ञासू: मग कच्च्या खनिजाची निर्यातच थांबवली तर?

कलमवाचक: जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांतलं कलम ११ प्रमाणबंदी, म्हणजे निर्यातीवर बंदी किंवा कोटा लावणं, अडवतं, निर्यात शुल्क सहसा अडवत नाही. चीनने संघटनेत प्रवेश करताना शुल्कावर मर्यादा मान्य केली होती, म्हणून दुर्मिळ मृदा धातूंच्या वादात २०१४ मध्ये तो शुल्काच्या मुद्द्यावरही हरला. तेव्हा आधी आपल्या देशाची प्रवेशाची कागदपत्रं काढा. इंडोनेशियाची कच्च्या निकेलच्या निर्यातीवरची बंदीही २०२२ मध्ये संघटनेच्या वाद सोडवणाऱ्या पॅनेलने नियमबाह्य ठरवली. त्यांनी अपील केलं आणि अपील मंडळच बंद असल्याने निकाल लटकलाय.

करारतज्ज्ञ: नवा करार लिहिताना रॉयल्टी बाजारभावाशी चढती ठेवा आणि स्थैर्य कलम (पुढे कायदे बदलले तरी कंपनीला जुनेच लागू राहतील असं वचन) फक्त करापुरतं, तेही ठरावीक वर्षांपुरतं. पर्यावरण आणि कामगार कायदे त्यात गोठवू देऊ नका. ते पुढे सोडवणं फार महाग पडतं.