दिवाळीनंतर निम्मी मंडळी ऊसतोडीला

काही जण म्हणतात की आदिवासी भागात नवीन चर्च काढणारे सगळे बाहेरच्या पैशासाठीच काढतात. असतीलही तसे काही, नाही म्हणत नाही, पण आमच्या नवापूर भागात (नंदुरबार जिल्हा) मी जे बघितलं ते वेगळं. शेजारच्या पाड्यावर पास्टर आपल्यातलाच, स्वतःची दोन एकर भाताची शेती, आणि वेगळी मंडळी म्हणजे चर्च काढायचं कारण काय तर मोठ्या चर्चमध्ये सगळं पुस्तकी मराठीत, म्हाताऱ्या बायांना कळायचंच नाही, इथे आमच्याकडच्या मावची बोलीत गाणी आणि प्रार्थना. पत्र्याचं शेड, खाली ताडपत्री, अर्पणाच्या डब्यात दहा-दहाच्या नोटा आणि कधी कोणी तांदूळ आणून ठेवतं.

खरी अडचण कोणी सांगतच नाही. दिवाळी झाली की मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली जोडपी गुजरातेत बारडोलीकडे ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यातच परततात, रविवारी शेडमध्ये उरतात म्हातारे नि पोरं, मग पास्टरच मोटरसायकल काढून पडावावर, म्हणजे तोडकऱ्यांच्या मुक्कामावर जातो, तेही रात्री, कारण दिवसा कोयता थांबत नाही. आणि ख्रिस्ती झालं की आदिवासींच्या सवलती जातात म्हणणाऱ्यांसाठी, राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशातली धर्माची अट अनुसूचित जातींना आहे, जमातींना नाही.