जीवनाची भाकर: मान्ना विसरू नका

येशू स्वतःला 'जीवनाची भाकर' म्हणतो, त्याचा अर्थ फक्त येशूची शिकवण, असं काही जण सांगतात. मला हे अर्धंच पटलं. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, 'मीच जीवनाची भाकर आहे' हे वाक्य येशूनं पाच भाकरींत पाच हजारांना जेवू घातल्यानंतर येतं. त्या पाच भाकरी जवाच्या, म्हणजे गरिबाघरच्या. दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा शोधत येतात, आणि तुम्ही पोट भरलं म्हणून आलात, असं येशू तोंडावर सांगतो. मग विषय मान्नावर जातो, म्हणजे मोशेच्या काळी इस्राएली लोकांना रानात देवाकडून मिळालेल्या अन्नावर. तो रोज सकाळी वेचायचा. उद्यासाठी ठेवला की किडे पडायचे (शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, त्यासाठी ठेवलेल्याचा अपवाद). माझ्या मते रूपकाचा सगळा जोर इथेच आहे: साठवता न येणारं अन्न. येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतही रोजची भाकर मागतात, वर्षाची बेगमी नाही. शिकवण काय, एकदा पाठ केली की झालं!

पुढे येशू स्वतःचा देह खाण्याविषयी बोलतो, तेव्हा हे वचन कठीण आहे म्हणत बरेच शिष्य सोडून जातात. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरा याचा संबंध मिस्सातल्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत दिल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीशी जोडतात, तर झ्विंगलीसारखे सोळाव्या शतकातले प्रोटेस्टंट सुधारक येशूवरच्या विश्वासाशी. ती मिस्सातली भाकर खमिराची की बिनखमिराची, यावरून अकराव्या शतकात रोम आणि कॉन्स्टँटिनोपल इथल्या चर्चमध्ये चांगलीच जुंपली होती, पण ते पुन्हा कधीतरी.